पंढरपूरची काशी करायची म्हणजे काय करायचं?

मराठीत ‘काशी करणे’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. एक म्हणजे आयुष्यात एकदा तरी गंगेत बुडी मारून येणं. दुसरा म्हणजे धडधाकट गोष्टीची पार वाट लावणं. पंढरपूरचा विकास काशीच्या धर्तीवर करायची भाषा सुरू झाली तेव्हापासून दोन्ही बाजू हे दोन अर्थ एकमेकांच्या अंगावर भिरकावत आहेत. एक बाजू म्हणते, काशीत हजारो वर्षांच्या गल्ल्यांवर बुलडोझर फिरवला, आता आमच्याकडे फिरवू नका. दुसरी म्हणते, काशीला तिचं मूळ वैभव परत मिळालं, मग विठोबानंच काय घोडं मारलंय? भांडण कडाक्याचं आहे, पण नीट ऐकलं तर दोघांचा पाया एकच निघतो. कुठेतरी एक मूळ, प्राचीन, अस्सल काशी होती असं दोघांनीही धरून ठेवलंय. एक म्हणतो ती मोडली, दुसरा म्हणतो ती सापडली.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. तशी मूळ काशी दगडाविटांत कधीच नव्हती. ते शहर इतक्या वेळा पडलं आणि इतक्या वेळा उभं राहिलं की ‘जुनं विरुद्ध नवं’ हा वाद तिथे लावताच येत नाही. काशीत जे जुनं आहे ते म्हणजे वस्ती: देवळाला खेटून राहणारी, देवाच्या घंटेवर दिवस लावणारी माणसं. म्हणून कॉरिडॉर, म्हणजे विश्वनाथाच्या देवळाभोवतीची घरं पाडून केलेलं मोठं आवार, सुंदर झाला की कुरूप, दर्शनाला किती मिनिटं लागतात, हे प्रश्न दुय्यम आहेत. काम सुरू होण्याआधी देवळाच्या हाकेच्या अंतरावर किती चुली पेटत होत्या आणि काम संपल्यावर किती पेटतात, हा पहिला प्रश्न. त्या कसोटीवर काशीचं काम मला फसलेलं वाटतं. तिथे वाईट बांधलं असं नाही. तिथे नेमकं काय टिकवायचं होतं तेच ओळखलं गेलं नाही.

प्राचीनतेचं बघू. काशी इतिहासाहूनही जुनी आहे, हे मार्क ट्वेनचं वाक्य दर चौथ्या प्रवासवर्णनात असतं. ट्वेन १८९६ साली तिथे येऊन गेला. तो पोट धरून हसवणारा लेखक होता, आणि त्याच्या अतिशयोक्तीला आपण पुरातत्त्वाचा दाखला करून टाकलं. खरा पुरातत्त्वाचा दाखला राजघाटचा. तिथे रेल्वेच्या कामात जुने अवशेष निघाले, पुढे बनारस हिंदू विद्यापीठानं रीतसर उत्खनन केलं, आणि वस्तीचे थर इ.स.पू. ८०० च्या आसपास पोचले. सारनाथच्या दिशेला अकथा इथे त्याहून मागचे थर सापडले. म्हणजे पावणेतीन-तीन हजार वर्षं तरी इथे माणूस राहतोय. ही काही लहान गोष्ट नाही. पण राजघाट कुठे आहे? वरुणा गंगेला मिळते तिथे, आजच्या गजबजाटापासून लांब उत्तरेला. बुद्धाच्या काळची काशी त्या टोकाला होती. शहर शतकानुशतकं दक्षिणेकडे सरकत आलंय. आपण ज्या गल्ल्यांना हजारो वर्षांच्या म्हणतो, त्या बऱ्याचशा त्या हजारो वर्षांच्या शेवटच्या प्रकरणातल्या आहेत.

आणि ते प्रकरण बव्हंशी मराठी हातांनी लिहिलेलं आहे. दशाश्वमेध घाट पक्का बांधला नानासाहेब पेशव्यांनी, १७४८ च्या सुमाराला. आजचं विश्वेश्वराचं, म्हणजे विश्वनाथाचं, देऊळ अहिल्याबाई होळकरांचं, १७८० साली पुरं झालेलं. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडप बायजाबाई शिंद्यांचा, १८२८ चा. भोसले घाट नागपूरकरांचा. शिंदे घाट तर इतका जड बांधला गेला की स्वतःच्याच वजनानं खचला. पंचगंगेवरचं आजचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींकडचं. अनंत सदाशिव अळतेकर बनारसमध्ये शिकवत असत. आजची काशी ही मुख्यतः मराठ्यांची निर्मिती आहे, असं त्यांनी १९३७ साली लिहून ठेवलंय. इतिहासकार मराठी होता म्हणून ते मराठी अभिमानाचं वाक्य समजण्याचं कारण नाही, कारण ते प्राचीनतेच्या दाव्याला सुरुंग लावणारं वाक्य आहे. जे घाट बघून आपण ‘वेदकाळापासून’ म्हणत सुस्कारा टाकतो ते शनिवारवाड्याच्या वयाचे किंवा त्याहून धाकटे आहेत. रोज संध्याकाळी दशाश्वमेधावर होणारी भव्य गंगा आरती आजच्या थाटात सुरू झाली ती १९९० च्या दशकात. म्हणजे ती माझ्या पहिल्या नोकरीपेक्षाही धाकटी.

तेव्हा ‘हात लावू नका, प्राचीन आहे’ हा युक्तिवाद इथेच पडतो. हात लावत लावतच काशी बनली आहे.

पण मग ‘मूळ वैभव परत आणलं’ म्हणणाऱ्यांचं काय? ते कोणतं मूळ परत आणतायत? ११९४ मध्ये घोरीच्या फौजेनं पाडलं त्याआधीचं? १५८५ च्या सुमाराला अकबराच्या दरबारातल्या तोडरमलाच्या मदतीनं उभं राहिलं ते? की १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं पाडलं गेल्यावर शंभरहून अधिक वर्षांनी अहिल्याबाईंनी शेजारच्या जागेत बांधलं ते? मधल्या देवळामागे ज्यांची प्रेरणा होती ते नारायणभट्ट मूळ पैठणच्या घराण्यातले. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवरच्या ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात त्यांनी एक विलक्षण निर्वाळा दिलाय. काळ वाईट आला, लिंग हलवलं गेलं आणि माणसांनी दुसरं आणून बसवलं, तर त्या जागी जे असेल ते पूजावं. आणि परक्या राजांच्या जोरामुळे तिथे लिंगच उरलं नाही, तरी त्या जागेचा धर्म पाळावा, प्रदक्षिणा घालावी, नमस्कार करावा. ज्यानं स्वतः देऊळ बांधवून घेतलं तोच माणूस सांगतोय की देऊळ नसलं तरी चालेल. धर्मशास्त्र्याच्या कोरड्या भाषेत ही केवढी मोठी मोकळीक आहे! दगडावर त्याचा भरवसा नव्हता. भरवसा होता तो प्रदक्षिणा घालायला येणाऱ्या पायांवर.

आणि ते पाय खरोखर टिकले. विश्वेश्वराचं मोठं देऊळ १६६९ मध्ये गेलं, पण नारायणभट्टांचं घराणं काशीतच राहिलं. त्यांच्या नातवानं, कमलाकरभट्टांनी, १६१२ मध्ये लिहिलेला ‘निर्णयसिंधु’ आजही आपल्याकडे तिथी-व्रतांच्या वादात प्रमाण म्हणून काढला जातो. देऊळ पडल्यावर पाच वर्षांत, १६७४ च्या जूनमध्ये, त्याच घराण्यातले गागाभट्ट रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करत होते. कळस नव्हता, गाभारा नव्हता, तरी काशीचा शब्द सह्याद्रीत चालत होता. का? कारण काशी म्हणजे तिथे राहणारे लोक, त्यांची पाठशाळा, त्यांची वादसभा. त्याच्या शंभर वर्षं आधी, शके १४९५ मध्ये, एकनाथांनी भागवतावरची टीका काशीतच पुरी केली. संस्कृत सोडून मराठीत लिहिल्याबद्दल तिथल्या पंडितांनी आधी नाकं मुरडली आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेतला तपशील परंपरेचा असेल, पण गावाचा स्वभाव तिच्यात बरोबर उतरलाय. हे गाव आधी भांडतं आणि मग मांडीला मांडी लावून बसतं. त्यासाठी माणसं तिथे राहावी लागतात. दर्शन घेऊन दोन तासांत स्टेशनवर परतणाऱ्यांकडून ते होत नाही.

काशीची स्वतःची शिकवणही हेच सांगते. इतर क्षेत्रांत पुण्य दर्शनाचं आणि स्नानाचं. काशीत ते राहण्याचं आणि मरण्याचं. ‘काशीवास’ हा आपल्याकडे वेगळा शब्दच आहे. काही लोक तर क्षेत्रसंन्यास घेऊन पंचक्रोशीची वेस मरेपर्यंत ओलांडत नसत. काशीत मरण आलं की मुक्ती, ही समजूत इतकी पक्की होती की तिच्यावर बोट ठेवायला कबीर आयुष्याच्या शेवटी मुद्दाम मगहरला जाऊन राहिले. राम हृदयात असेल तर काशी काय आणि मगहर काय! कबीरांचा तो टोला बसतो, कारण समोरच्याचा विश्वास राहण्यावर होता. ‘दर्शन किती मिनिटांत झालं’ यावर उभ्या असलेल्या शहरात कबीरांना मगहरला जाण्याची तसदीच पडली नसती.

आता आकडे बघू, आणि तेही सरकारनंच दिलेले. ८ मार्च २०१९ ला विश्वनाथ धामाची, म्हणजे या कॉरिडॉरची, पायाभरणी झाली, १३ डिसेंबर २०२१ ला लोकार्पण. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ३३९ कोटी. देवळाचं आवार पूर्वी साधारण ३,००० चौरस फूट होतं, ते सुमारे ५ लाख चौरस फूट झालं. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता विकत घेतल्या गेल्या आणि जवळजवळ १,४०० दुकानदार, भाडेकरू आणि घरमालकांचं पुनर्वसन झालं. घरं पाडताना आत दडलेली ४० हून अधिक जुनी देवळं उघडी पडली. पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला लाहोरी टोला नकाशावरून गेला. १८७२ मध्ये सुरू झालेलं कारमायकेल वाचनालय गेलं. आवारात अहिल्याबाईंचा पुतळा बसला.

पुतळा बसला हे चांगलंच झालं. पण अहिल्याबाईंनी काशीत केलं काय? गल्लीत मावेल एवढं देऊळ बांधलं, घाट बांधले, आणि पूजा, ब्राह्मण आणि अन्नदानाची सोय लावून दिली. त्या काळात काशीत पैसा ओतणाऱ्या प्रत्येक सरदारानं हेच केलं. घाट बांधला की वर वाडा, वाड्याला लागून छत्र, छत्रात जेवणारे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे शास्त्री, शास्त्र्यांची कुटुंबं, आणि कुटुंबांसाठी वाणी, दूधवाला, फूलवाला. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा मराठी मोहल्ला असाच वाढला. मणिकर्णिका तांबे, म्हणजे झाशीची राणी, काशीत जन्मली ती अशाच आश्रित मराठी वस्तीमुळे. प्रत्येक पुनर्बांधणीनं देवळाभोवतीची वस्ती वाढवली. काशीच्या बांधकामांच्या लांबलचक इतिहासात, माझ्या माहितीप्रमाणे, देवळाची शोभा वाढावी म्हणून देवळाभोवतीचे रहिवासी इतक्या संख्येनं उठवण्याचा हा पहिलाच प्रसंग.

इथे समोरची बाजू चार गोष्टी म्हणेल, आणि त्या चारही फालतू नाहीत.

पहिली, घाणीची. गल्ल्यांवर कविता करणं सोपं आहे, त्यांत राहणं अवघड. फेब्रुवारी १९१६ मध्ये हिंदू विद्यापीठाच्या समारंभात, राजेरजवाडे समोर बसलेले असताना, गांधींनी विश्वनाथाच्या गल्लीतली घाण सर्वांच्या तोंडावर काढली. आपली देवळंच स्वच्छतेचा नमुना नसतील तर आपलं स्वराज्य कसलं असेल, असा त्या बोलण्याचा रोख होता. हे शंभर टक्के मान्य. गटार हा वारसा नव्हे. पण गांधींनी गल्ली झाडायला सांगितली होती, गल्लीच झाडून टाकायला नव्हे. आणि गल्ली ठेवून गटार करता येतं, हे काशीतच एका इंग्रजानं दाखवून दिलंय. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० टाकसाळीच्या नोकरीत तिथे होता. त्यानं शहराचा नकाशा केला, घरोघर शिरगणती केली, आणि घरांच्या खालून सांडपाण्याचा बोगदा नेला. त्याच अमदानीत शहरातली तळी बुजली हेही खरं, आणि ते नुकसान मोठं होतं. मंदाकिनीचं मैदागिन झालं. गोदावरी नावाचा ओढा रस्त्याखाली गेला आणि नावाचा तुकडा तेवढा ‘गोदौलिया’त राहिला. नाशिक-पैठणच्या माणसानं त्या चौकात रिक्षातून उतरताना हे आठवावं. म्हणजे प्रिन्सेपही निर्दोष नाही. पण दहा वर्षं गावात राहून, नकाशा करून, घरं मोजून काम करणं ही त्याची पद्धत आजच्या सल्लागारांना शिकवण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट चेंगराचेंगरीची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत वजनदार. २००३ च्या नाशिक कुंभात ३९ माणसं मेली, ती उताराच्या चिंचोळ्या रस्त्यावर. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीला अडीचशेहून अधिक. ज्यांच्या घरचं माणूस असं गेलं त्यांना वारशाच्या गप्पा सांगायला जाऊ नये. रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा हव्यात, हे मान्यच करावं लागतं. पण रुंदीनं माणसं वाचतात का? २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या कुंभात मौनी अमावास्येच्या पहाटे किमान ३० जण चिरडून मेले. ते संगमाच्या उघड्या वाळवंटात मेले, तिथे ना गल्ली होती ना घर. मांढरदेवीही डोंगरावर आहे. तिथे निसरड्या पायऱ्या, आग आणि बेबंद गर्दी यांनी घात केला. माणसं मरतात ती एका वेळी एका ठिकाणी किती जण सोडायचे याचा हिशोब न ठेवल्यानं. तो हिशोब न ठेवता जागा दीडशेपट केली, तर फार तर येणारी गर्दी वाढते. आणि काशीत ती वाढलीच आहे, त्याचाच तर अभिमानानं उल्लेख होतो.

तिसरी गोष्ट संमतीची. लोकांनी घरं विकली, चांगला मोबदला घेतला, मग तुम्ही बाहेरचे कोण रडणारे? हा प्रश्न मला खरंच टोचतो. सहा भावांत वाटलेल्या, जिना पडलेल्या, संडास सामायिक असलेल्या घरात राहणाऱ्याला वाटलं की पैसे घ्यावेत आणि महामूरगंजला लिफ्टच्या इमारतीत जावं, तर त्याला ‘तू वारसा आहेस, हलू नकोस’ असं सांगायचा अधिकार पुण्यातल्या माणसाला नाही. पण विकायचा अधिकार मालकाला असतो. तीन पिढ्या भाड्यानं राहणाऱ्याचं काय? फळीवर पेढे विकणाऱ्याचं काय? सरकारी आकड्यात ते सगळे ‘पुनर्वसित’ या एका शब्दात मावतात. शिवाय शेजारची चार घरं पडल्यावर पाचव्याची संमती कितपत संमती असते? बाहेरून आलेल्या सत्तेचा उत्साह आणि आत राहणाऱ्याचं भय यांतला फरक जुन्या मराठी कागदांतही दिसतो. १७४२ मध्ये मल्हारराव होळकरांच्या मनात ज्ञानवापीची मशीद पाडून देऊळ बांधायचं आलं, तेव्हा काशीतल्या दक्षिणी ब्राह्मणांनाच धास्ती वाटली. फौज उद्या निघून जाईल, राहणार आम्ही, आणि मोगलांचा सुभेदार सूड आमच्यावर घेईल. त्या बिचाऱ्यांची श्रद्धा कमी होती असं कोणी म्हणेल का? त्यांना फक्त तिथेच राहायचं होतं.

चौथी गोष्ट मला सर्वांत अवघड जाते. ‘देवळाभोवतीची वस्ती’ म्हणून मी जिचं कौतुक करतोय, तिनंच शतकानुशतकं बाकीच्यांना दाराबाहेर ठेवलं. १९५० च्या दशकात विश्वनाथाचं देऊळ दलितांना खुलं झालं तेव्हा तिथल्या सनातनी करपात्री महाराजांनी देव बाटला असं ठरवून दुसरं विश्वनाथ मंदिर उभं केलं! पंढरपुरात वेगळं काय होतं? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार उघडलं. चोखोबांची समाधी देवळाबाहेर आहे ती काही शोभेसाठी नाही. बडवे-उत्पातांचे, म्हणजे देवळातल्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क १९७३ च्या कायद्यानं काढले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा वारकऱ्यांना वाईट वाटलं नाही. तेव्हा ‘स्थानिकांना विचारा’ असं म्हणताना मी भाबडेपणा करत नाही. स्थानिकांना विचारलं असतं तर गुरुजी उपाशीच राहिले असते.

पण थांबा. गुरुजींनी तेव्हा मागितलं काय? देऊळ मोठं करा असं नाही, शेजारची घरं पाडा असंही नाही. दार उघडा, एवढंच. आणि ते उपोषणाला बसले कुठे? पंढरपुरातल्याच तनपुरे महाराजांच्या मठात. गावानं दार लावलं होतं आणि गावातल्याच एका दारानं त्यांना आत घेतलं. हक्क मोडायचे असतील तर कायद्यानं मोडता येतात, ते आपण मोडून दाखवलेत. वस्ती मोडणं ही वेगळी गोष्ट आहे. एकाचं समर्थन दुसऱ्यासाठी वापरणं ही हातचलाखी झाली. काशीत तर ही वस्ती एका जातीची किंवा एका धर्माचीही नव्हती. विश्वनाथाच्या दारापासून मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांपर्यंत चालत जाता येतं. पंचगंगेजवळच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ तासन्‌तास सनईचा रियाज करत बसत. कोणत्याही आराखड्यात ‘इथे बिस्मिल्ला खाँ बसतील’ असा चौकोन काढता येत नाही. शेजार असेल तरच असा माणूस घडतो.

आणि त्या ४० देवळांचं? घरांनी देवळं गिळली होती, आम्ही ती सोडवली, असं सांगितलं जातं. काही ठिकाणी देवळाच्या भिंतीला मोरी काढलेली होती, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पडझडीच्या काळात गाभाऱ्याभोवती भिंत घालून, वर माडी चढवून, स्वयंपाकघरातून जाऊन रोज दिवा लावणारी बाई नसती, तर सोडवायला ती देवळं उरली असती का? आज ती स्वच्छ, उघडी, दिव्यांच्या झोतात उभी आहेत. रात्री आवार बंद झालं की तिथे पहारेकरी असतो.

काशीतल्या ज्या गोष्टी खरोखर टिकून आहेत त्या बघा. पंचक्रोशीची यात्रा सुमारे ऐंशी किलोमीटरची, पाच मुक्कामांची: कंदवा, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. ती आजही चालते, कारण वाटेतल्या गावांत धर्मशाळा आणि चुली आहेत. कंदव्याचं कर्दमेश्वराचं देऊळ अकराशे-बाराशेच्या काळातलं असून शाबूत आहे, आणि बारा महिन्यांत तिथे काशीच्या भाविकांपैकी हजारातला एकही फिरकत नसेल. पलीकडच्या तीरावर रामनगरची रामलीला एकतीस दिवस चालते, ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत. अयोध्या एका जागी, लंका दुसऱ्या जागी, आणि प्रेक्षक रामामागून गावभर चालत असतात. गावच रंगमंच आहे, कारण गाव तिथे राहतं. इतकंच कशाला, २०२५ साली शुक्ल यजुर्वेदाचं दंडक्रम पारायण (मंत्रांतले शब्द ठरावीक उलटसुलट क्रमानं तोंडपाठ म्हणणं) पन्नास दिवसांत पुरं करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या अहिल्यानगरचा, आणि ते पारायण झालं काशीत. कोणत्याही सुशोभीकरणाच्या निविदेत हे बसत नाही, आणि काशी मात्र यातच असते.

आता पंढरपूर. २०११ च्या जनगणनेत लाखालाही न पोचलेलं हे गाव आषाढीला दहा-पंधरा लाख माणसं अंगावर घेतं. कसं? मठांत, फडांच्या जागांत, वाळवंटात, आणि लोकांच्या घरांत. प्रदक्षिणा मार्गावरच्या जुन्या घरात अमुक गावची दिंडी चार पिढ्या त्याच ओसरीवर उतरते, हे पंढरपुरात कुणालाही विचारा. ओसरी हीच तिथली यात्रेची व्यवस्था आहे. ज्या बायजाबाईंनी ज्ञानवापीवर मंडप उभारला त्यांनीच पंढरपुरात द्वारकाधीशाचं देऊळ बांधलं. होळकरांचा वाडाही तिथे आहेच. म्हणजे ‘काशीच्या धर्तीवर’ पंढरपूर दोनशे वर्षांपूर्वीच बांधलं गेलंय, आणि त्याच माणसांनी बांधलंय. ती धरत होती वाडा, छत्र आणि ओसरी यांची. आज तेच शब्द वापरून जे करायचं घाटतंय त्यात ओसरीच जाणार आहे.

मी काहीच करू नका म्हणत नाही. चंद्रभागेत सांडपाणी जातं ते आधी थांबवा. शौचालयं बांधा, आणि ती वारीपुरती नाही, बारमाही. दर्शनाची वेळ आधी ठरवून द्या. आग लागली तर बंब आत शिरेल एवढी वाट ठेवा, आणि त्यासाठी दहा घरांचे कोपरे कापावे लागले तर कापा. पण तीनशे घरं उठवायचा आराखडा टेबलावर ठेवायच्या आधी, त्या घरांत कोण राहतं, भाड्यानं कोण, कोणत्या ओसरीवर कोणती दिंडी उतरते, याची यादी करा आणि ती देवळाच्या दारात लावा. प्रिन्सेपला १८२९ मध्ये जमलं ते आपल्याला आज का जमू नये?

दोन वर्षांपूर्वी काशीला गेलो होतो. आमच्या मुंजीत सगळेच काशीला निघतात आणि मामा दारातून परत आणतो, म्हणून मला पोचायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये पूर्वी विश्वनाथाच्या मागच्या गल्लीत राहायचे, असा आजोबांच्या वहीत पत्ता होता. त्या पत्त्यावर आता गुळगुळीत दगडी फरशी आहे. फोन लावला तर गुरुजी अर्ध्या तासात ई-रिक्षातून आले, वरुणेपलीकडच्या एका कॉलनीतून. काखेत लाल फडक्यात बांधलेली वही. दशाश्वमेधाच्या पायरीवर ती उघडून त्यांनी आमचं गाव शोधलं. माझ्या पणजोबांची मोडीतली सही निघाली, खाली आजोबांची देवनागरीतली. माझी सही घेतली, तारीख घातली, वही पुन्हा बांधली. निघताना त्यांनी हातात कार्ड दिलं. कार्डावर छापलेला पत्ता बॉलपेननं खोडला होता आणि नवा पत्ता हातानं लिहिला होता. मी विचारलं, नवी कार्डं नाही छापली? म्हणाले, “जुनी संपली नाहीत अजून. आणि लोक अजून जुन्याच पत्त्यावर येतात.”